भिंगापुढचा हात

दुपारी टीव्हीवर तो जुना भयपट लागला. किलर व्हेलने जबडा वासला, तसा शेजारी बसलेल्या अप्पांनी चाळिशीतल्या लेकीच्या डोळ्यांपुढे तळहात धरला. ती लहान असताना अप्पा गावच्या टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवायचे, तेव्हा तिच्यासाठी याच दृश्याला भिंगापुढे हात धरायचे. पडदा काळा व्हायचा, पब्लिक शिव्या घालायचं आणि पहिल्या रांगेतली ती रोखलेला श्वास सोडायची.

"अहो अप्पा, खरे किलर व्हेल समुद्रात माणसं मारत नाहीत. मी सगळं वाचलंय, तशी एकही नोंद नाही."

"म्हणजे मी फुकटच शिव्या खाल्ल्या?"

"मी कधी घाबरलेच नव्हते."

"हो ना! खुर्चीच थरथरायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी आणायला गेलेल्या अप्पांना ट्रकने उडवलं.

शवागारातला माणूस हळूच म्हणाला, "ताई, ओळख पटवावी लागेल. चादर काढतो."

चादरीबाहेर अप्पांचा एक हात आला होता, तळवा उघडा. आयुष्यभर एवढं वाचूनही चादरीखाली काय असेल, याची तिला कल्पना करवेना. चादर कपाळावरून सरकू लागली.

"अप्पा," ती मोठ्याने म्हणाली, "मी घाबरायचे. आताही घाबरलेय. हात धरा ना."