उसनं फंक्शन

चहाची कपबशी बिभीषणनं डाव्या हातानं पुढं केली, तेव्हा राजेंद्रनं नजर अंगणातल्या शेळ्यांकडं वळवली. वाळूजच्या कारखान्यात बिभीषणच्या उजव्या हाताची तीन बोटं पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली, त्याला आठ महिने झाले होते. त्याबद्दलच बोलायला राजेंद्र आज कन्नडला त्याच्या घरी आला होता.

चहा निवत चालला तरी त्याला सुरुवात सापडेना. मग मान खाली घालून, जमेल तितक्या सोप्या शब्दांत त्यानं सगळं सांगून टाकलं.

प्रेस चालवणारा प्रोग्राम राजेंद्रनंच लिहिला होता. असा प्रोग्राम सगळी कामं स्वतः करत नाही, काही फंक्शनं दुसऱ्या फाइलींकडून उसनी घेतो. बांधणीच्या वेळी हे भाग जोडणारा लिंकर फक्त नावं टिपून ठेवतो. प्रोग्राम सुरू झाला की संगणक ठरलेल्या क्रमानं एकेक फोल्डर धुंडाळतो आणि त्या नावाची जी फाइल आधी सापडेल तीच जोडतो. आत काय लिहिलंय हे तो बघत नाही. 'प्रेसखाली हात आहे का?' हे सांगणारं फंक्शन असंच उसनं होतं. सेन्सर यायला उशीर लागला, म्हणून चाचणीपुरती राजेंद्रनं आपल्या फोल्डरमध्ये त्याच नावाची एक फाइल बनवली. ती कायम एकच उत्तर द्यायची, 'नाही.' पुढं सेन्सर बसला, खरी फाइल आली. आपली काढून टाकायचं मात्र तो विसरला. दुसऱ्याच दिवशी हात आत असताना प्रेस खाली आला.

बिभीषणची आई मंजुळाबाई दारात उभी राहून ऐकत होती, ती आत निघून गेली.

"साहेब, मला सांगून काय व्हतंय?" बिभीषण म्हणाला. "कंपनीच्या कागदावर लिवलंय, कामगारानं बेपर्वाईनं हात घातला. माझी पोर शालू आता वाचाया लागली. तिनं तो कागद वाचला. तेवढं बदलून द्या."

राजेंद्रनं शब्द दिला.

परतीच्या एसटीत त्याच्या डोक्यात अमृता मॅडम घोळत राहिल्या. त्या त्याच्या विभागप्रमुख. अपघात झाला त्या संध्याकाळी तो त्यांच्या केबिनमध्ये शिरला होता. त्याचं निम्मंच बोलून झालं होतं, तोच त्यांनी उठून दार लावलं आणि पाण्याचा ग्लास पुढं केला.

"कुणाला काही बोलू नकोस," त्या म्हणाल्या होत्या. "कुठली फाइल जोडली गेली, ती आजची नोंद मी पुसून टाकलीय. तुझ्यासाठी."

चौकशीतही त्याचं नाव त्यांनी येऊ दिलं नाही. बिभीषणच्या बोटांइतकंच हे उपकाराचं ओझंही त्याला झोपू देत नव्हतं. उद्या आपण खरं बोललो, तर नोंद पुसल्याबद्दल मॅडमही अडकणार. तरी आता मागं फिरायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

सोमवारी सकाळी कुणी यायच्या आत तो कारखान्यात पोहोचला. अर्ज लिहिला. अपघात माझ्या फाइलीमुळे झाला, बिभीषणचा काही दोष नाही. सही केली, तसं छातीवरचं काहीतरी हललं.

नुसत्या अर्जावर कुणी विश्वास ठेवला नसता. दयेपोटी लिहितोय म्हणाले असते. पुरावा हवा होता. प्रेसच्या संगणकातल्या नोंदींची एक प्रत दर तासाला कंपनीच्या सर्व्हरवर जाते, हे त्याला ठाऊक होतं. ती सोय त्यानंच केली होती, आणि आठ महिन्यांत ती प्रत उघडायची त्याची छाती झाली नव्हती.

त्यानं ती उघडली. अपघाताच्या दिवसाची नोंद तिथं जशीच्या तशी होती. एकेक ओळ उतरत तो त्या फंक्शनपर्यंत आला. समोर, ते कुठून घेतलं त्या फोल्डरचा पत्ता होता. राजेंद्रनं तो दोनदा वाचला.

फाइलीचं नाव तेच होतं. फोल्डर मात्र त्याचा नव्हता, अमृता मॅडमचा होता.