लुआनने कोट काढला नाही

“कोट काढा हो, लुआनभाऊ!” गोंगवहिनींनी तिसऱ्यांदा सांगितलं.

लुआन देफूने कोट काढला नाही. शेजारच्या या वहिनींच्या घरात चूल धडधडत होती, आंबवलेल्या कोबीच्या डंपलिंगांची वाफ छताला लागली होती आणि त्याच्या कानामागून घाम ओघळत होता. एप्रिल सरत आला तरी बाहेर अंगणातला बर्फ पुरता वितळला नव्हता. पण घरात बाकी सगळे कोट काढून बसले होते.

समोर होत्या मियाओबाई. अठ्ठावन्न वर्षांच्या विधवा, रेल्वेच्या भटारखान्यातून निवृत्त झालेल्या. दोन तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत त्या स्थळ बघायला आल्या होत्या. लुआन एकसष्टचा, लाकडाच्या गिरणीत उभा जन्म काढलेला. त्याची बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. स्थळ गोंगवहिनींनी आणलेलं, म्हणून त्यांचा जीव टांगणीला.

“तब्येत बरी नाही का?” मियाओबाईंनी विचारलं.

“ठणठणीत.”

“मग सारखं पोट का धरताय?”

लुआनने पोटावरचा हात काढला. लगेच परत ठेवला. घड्याळाकडे बघितलं आणि उठलाच.

“मी जरा घरी जाऊन येतो. दहाच मिनिटं.”

गोंगवहिनींनी कपाळावर हात मारला. मियाओबाईंनी शांतपणे डोक्याला रुमाल बांधायला घेतला.

“असू द्या, वहिनी. चारची बस मिळेल मला. पसंत नसेन तर तोंडावर सांगायचं होतं. पळून कशाला जायचं?”

आता लुआनचा नाइलाज झाला. त्याने कोटाची बटणं काढली, बनियनच्या आत हात घातला आणि ओल्या फडक्याची एक पुरचुंडी काढून टेबलावर, व्हिनेगरच्या वाटीशेजारी ठेवली. आत सात काळ्या बिया होत्या. त्यातल्या दोन बियांना पांढरे कोंब फुटले होते.

“घोसाळ्याच्या आहेत,” तो म्हणाला. “दोन वर्षं मे महिन्यात बी पेरलं. दोन्ही वर्षी सप्टेंबरच्या थंडीने कोवळी फळं वेलावरच काळी केली. या खेपेला आधी घरात रोपं करणार आहे. पण बियांना ऊब लागते आणि घर माझं पडतं गार. म्हणून चार दिवस अंगावर बाळगतोय. फडकं सुकून चालत नाही, तेच भिजवायला घरी निघालो होतो.”

गोंगवहिनी हसून हसून टेबलावर आडव्या झाल्या. मियाओबाई हसल्या नाहीत.

“आणि रात्री झोपता कसे?”

“उताणा. कूस नाही बदलत.”

“एवढी आवडते घोसाळ्याची भाजी?”

“भाजी नाही हो. वाळवून आतली लांब जाळी काढायची. आंघोळीला.” लुआन बटणाशी चाळा करत राहिला. “बायको गेल्यापासून पाठ तशीच राहते. मागे हात पोचत नाही. दुकानातली प्लॅस्टिकची घासणी टोचते.”

गोंगवहिनींचं हसू मध्येच अडकलं.

मियाओबाईंनी रुमालाची गाठ सोडली. किटलीतलं कोमट पाणी चार बोटांनी फडक्यावर शिंपडलं, पुरचुंडी बांधली आणि लुआनच्या हातात दिली.

“आधी आत ठेवा. गारठतील.”

मग खुर्ची पुढे ओढून त्या बसल्या.

“हात माझा पोचेल,” त्या म्हणाल्या. “पण नुसत्या हाताने मी कुणाची पाठ घासत नाही. घोसाळं पिकलंच पाहिजे.”