तीन पायऱ्या

बहात्तर बाणांची निवड चाचणी नऊला सुरू होणार होती आणि धनुर्विद्येच्या मैदानाच्या फाटकात, जिथे गेल्या महिन्यापर्यंत सिमेंटचा उतार होता, तिथे तीन नव्याकोऱ्या पायऱ्या होत्या. कुमुदिनी तेलगोटेने चाकाची खुर्ची थांबवली.

"उतार कुठे गेला रे, इंगोले?"

मैदानाचा सचिव इंगोले पायऱ्या उतरून खाली आला. त्याला धनुष्य धरायला तिनेच शिकवलं होतं.

"तोडला, ताई. सरकारने सगळ्यांना यांत्रिक पाय दिले. आता उतार लागतो कुणाला?"

"मला."

"तुम्ही हट्टाने पाय लावत नाही, त्याला आम्ही काय करणार?"

तिने ते दोन महिने लावून पाहिले होते. तोल सांभाळताना ते सतत थरथरत आणि ती थरथर थेट बाणात उतरे. खुर्चीत ती दगडासारखी स्थिर असे.

"चौघे मिळून उचलतो ना तुम्हाला."

"मी काय गणपती आहे, मिरवत न्यायला? बाजूला हो!"

तिने मांडीवरचं धनुष्य उचलून तिथूनच ताणलं. रेषेवरचे खेळाडू घाईने पांगले. लक्ष्य त्यांच्यापासून सत्तर मीटरवर होतं, तिच्यापासून नव्वद. बाण लक्ष्याच्या मधोमध, पिवळ्या वर्तुळात जाऊन रुतला.

"गुण लिही," ती म्हणाली. "आणि बाण काढून आण. पायऱ्या तुझ्यासाठीच बांधल्यात ना? चढ. अजून एकाहत्तर आहेत."