शहाडच्या पुलावरचं ट्रॅफिक

मुरबाडच्या एसटी स्टॅण्डवर, रसाच्या गाडीमागे, पदराआड तोंड लपवून भागी उभी होती. समोरच्या इमारतीच्या जिन्यावरून तिची सून उतरली. म्हणजे शेजारची लहानी खोटं बोलली नव्हती.

"तुझी माधुरी आता ठान्याला जाते कुठं गो? रस्त्यात टाइम जातो म्हनून कंपनीनं मुरबाडातच बसायला जागा दिलीय. उजेडात सुटतात सगली," असं लहानी धसईच्या बाजारात म्हणाली होती. वर हसली होती. ते हसणं भागीला फार झोंबलं. उजेडात सुटणारी सून घरी यायची अंधार पडल्यावर. विचारलं की ठरलेलं उत्तर, "शहाडच्या पुलावर ट्रॅफिक, आई." मुरबाडात काम करणारीला ठाण्याच्या वाटेवरचा शहाडचा पूल लागतोच कुठे? मग ही बया मधल्या वेळात असते कुठे? आणि कुणाबरोबर? पाणी नक्की कुठेतरी मुरत होतं. आज हिला पकडायची, मनगट धरून लेकापुढे, अमोलपुढे उभी करायची आणि माहेरी धाडायची, असं ठरवूनच भागी आली होती.

माधुरीने इकडेतिकडे पाहिलं. उकडलेल्या शेंगांची पुडी घेतली. टोकाच्या बाकावर जाऊन बसली. आता येईल मेला, भागी मनात म्हणाली. घराकडची धसईची गाडी लागली, भरली, निघून गेली. माधुरी उठली नाही. दुसरीही गेली. कुणी आलं नाही. माधुरीने चपला काढल्या, पाय वर घेतले आणि एकेक शेंग फोडून खात राहिली.

भागीचा धीर सुटला. ती बाकापुढे जाऊन उभी राहिली. "कुनाची वाट बघतेस गो?"

माधुरी दचकली. पुडी सांडली. "कुनाचीच नाय, आई." तिचे डोळे भरून आले. "घरात पाय टाकला की पाठ टेकत नाय ओ. पहिलं ट्रॅफिकमधी तरी बसायला मिलायचं, खिडकीशी. आता ते पन गेलं."

तोंडाशी आलेल्या शिव्या भागीने गिळल्या. नवी नवरी असताना मोळी लवकर बांधून झाली तरी ती उंबराखाली बसून राहायची. घरी सांगायची, जवळची लाकडं संपली. सासू मरून गेली, पण हे खोटं भागीने आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं.

तिने वाकून शेंगा वेचल्या. "सरक जरा," म्हणाली आणि बाकावर टेकली.

घरी पोचल्या तेव्हा अमोल दारातच उभा. "होता कुठं दोघी? चहा कुनी करायचा?"

"शहाडच्या पुलावर ट्रॅफिक रे! ही अडकली, मी थांबले," भागी म्हणाली. "आता रोजच असनार हाय. चहा तेवढा शिकून घे."