साफ हवा

म्हसा गावच्या वरच्या अंगाला डोंगरात खोल भोकं पाडून कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड वायू काळ्या कातळात गाडायचं काम सुरू झालं, त्याला दोन महिने झाले होते. जागा सकुबाईच्या नवऱ्यानेच, कुंडलिकने, हौसेने दिली होती. "आतमंदी त्याचा दगड होतो म्हनं. धूर नाय, वास नाय, हवा साफ," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

त्या दिवशी सकाळी सकुबाई खाटेवरून उतरून चुलीपुढे बसली, तर काडी टिकेचना. चुलीजवळ नेली की विझायची. वारा तर अजिबात नव्हता. तिला दम लागला, डोकं ठणकायला लागलं. वैतागून ती भिंतीला धरून उभी राहिली आणि तिथेच काडी ओढली. ती नीट जळली. वाकून तिने ती चुलीकडे नेली, तर गुडघ्यापाशी येताच ज्योत पाण्यात बुडाल्यासारखी विझली.

"अवो, उठा! घरात कायतरी भरलंय!" दार सताड उघडत तिने हाक मारली. पुन्हा मारली.


कुंडलिक रोजच्यासारखा खाली जमिनीवर चटई टाकून झोपला होता.