भावजींचा शब्बाथ

“आज वार कोणता, भावजी?”

सुतारीणबाईंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या हातात करवत होती आणि कोपरापर्यंत भुसा. धाकटा दीर कारखान्याच्या उंबऱ्याबाहेर उभा होता. आत या, असं त्यांनी म्हटलं नव्हतं. त्याची बायको काल दुपारी गेली होती. त्याला पेटी हवी होती, आणि मयताच्या पेट्या करणारं गावात हे एकच दुकान होतं.

तो म्हणाला, रविवार.

“मग झालं तर. रविवार म्हणजे प्रभूचा दिवस. आज आमच्याकडे खिळा ठोकत नाहीत. उद्या या.”

कोपऱ्यात फळीला पॉलिश घासणाऱ्या म्हाताऱ्याचा हात थांबला. रविवारी चर्चहून आल्या की बाई मुद्दाम करवत काढायच्या, तीही रस्त्याकडची खिडकी सताड उघडून. ख्रिस्तानं माणसाला वारांच्या दावणीतून सोडवलं, असं चर्चच्या पाळकांनासुद्धा ऐकवायच्या. आजही चर्चहून आल्यापासून त्यांनी दाराच्या दोन चौकटी कापल्या होत्या. पण म्हाताऱ्याला नोकरी प्यारी होती आणि बाईंची जीभ ठाऊक होती. त्यानं मान खाली घातली.

हे उत्तर बाईंनी नऊ वर्षं धार लावून ठेवलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी कारखाना दोघा भावांचा होता. धाकट्याच्या डोक्यात एकाएकी शब्बाथ शिरला. खुद्द देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला, तर आपण कोण लागून गेलो. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवार लागतो, आणि तो न पाळणाऱ्याची सगळी भक्ती पाण्यात. चर्चच्या मंडळीच्या सभेत उभा राहून तो हे तासभर बोलला. बोलून बसणार तेवढ्यात बाईंनी विचारलं, शनिवारी तुमची दाढी वाढते की तीही विसावा घेते? सभा खो खो हसली. पाळक पुस्तकाआड तोंड लपवून हसले. त्याची बायको हसली ती सर्वांत आधी. दीर लालबुंद होऊन बाहेर पडला. त्याच्यामागे सात माणसं गेली.

तीन आठवड्यांनी बाईंचा नवरा वारला. शुक्रवार, भर उन्हाळा. धाकट्यानं दुपारी पेटी करायला घेतली. चार बाजू उभ्या केल्या आणि सूर्य टेकला तसा रंधा खाली ठेवला. तळ नाही, झाकण नाही. जन्मात कुणापुढे न वाकलेल्या बाईंनी दिराचे पाय धरले. तो म्हणाला, सूर्य मावळला, वहिनी, देवाची आज्ञा आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मयताखालच्या बर्फाचं पाणी झालं. शेजारपाजारच्यांनी नाकाला रुमाल लावले. शेवटी एका ठेंगण्या म्हातारीनं स्वतःसाठी करून ठेवलेली पेटी बाईंनी मागून आणली. सहा फुटी माणूस. गुडघे दुमडून पुरावा लागला.

महिन्याच्या आत बाईंनी दिराला कारखान्याबाहेर काढलं आणि रंधा स्वतःच्या हातात घेतला. बोटं सोलली, पण शिकल्या. दिराचं मात्र भलंच झालं. सख्ख्या भावासाठी ज्यानं वार मोडला नाही, त्याचं ऐकायला लोक लांबून येऊ लागले. साताचे दोनशे झाले. त्यांनी त्याला आपला वडील, म्हणजे मंडळीचा प्रमुख नेमलं. आता त्याच्या हातांना कंप होता, हत्यार धरवत नव्हतं. शब्द झेलायला दोनशे माणसं होती, पण त्यातल्या एकालाही फळी सरळ कापता येत नव्हती.

तो उन्हात तसाच उभा राहिला. बर्फ संपत आलाय, म्हणाला. बाई म्हणाल्या, बर्फाचं काय होतं ते मला शिकवू नका.

मग त्याची नजर बाकावरच्या अर्धवट कापलेल्या चौकटीवर गेली. तो म्हणाला, तुमचा रविवार सगळा रस्ता ऐकतो, वहिनी. निदान मला तरी वाराचं कारण सांगू नका.

बाईंनी करवत खाली ठेवली. खोटं पकडलं गेलं याची त्यांना लाज वाटली नाही. उलट छातीवरचा दगड सरकला. नऊ वर्षांनी खरं बोलायला मिळत होतं, आणि तेही तोंडावर.

“नाही सांगत. रविवार-बिविवार काही नाही. माझा माणूस पडला तशी तुमची बायको पडलेली मला बघायची आहे. सूड आहे हा, भावजी, निव्वळ सूड. तुमच्या वेळी मध्ये देव तरी होता. माझ्याकडे तेवढाही नाही.”

दीर उंबऱ्यावर बसला. त्याला शोधत त्याच्या मंडळीतले चौघेजण एव्हाना रस्त्यावर येऊन थांबले होते. बोललेलं सगळं ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. त्यानं वळून त्यांच्याकडे पाहिलं, एकेकाकडे पाहिलं. बाईंना वाटलं, आता हा आवाज उतरवेल.

त्यानं उतरवला नाही.

“मध्ये देव नव्हता, वहिनी. मी फळ्या मुद्दाम हळू तासत होतो. सूर्य मावळायची वाट बघत.”