गाडीतली ऊब

श्वेताने गाडीचं जुनं कापडी हूड अंगणात उलटं पसरलं आणि तिचा हात थांबला. मागच्या काचेच्या वर ते वीतभर फाटलेलं होतं. त्या फाटीच्या दोन्ही कडा काळ्या पडल्या होत्या, त्याही फक्त आतल्या बाजूने. तिने बोट फिरवलं. काजळी.

गॅरेजच्या पत्र्याखाली तीच गाडी चालू होती. दोन दारांची, जुनी परदेशी, मागे इंजिन आणि वर घडी घालता येणारं कापडी छप्पर. नवं हूड श्वेताने काल शिवून चढवलं होतं. सकाळी नळीने पाणी मारून पाहिलं, आत थेंब गेला नाही. तिच्या नवऱ्याने, नरेंद्रने, हिटर चालू करून दिला होता. गाडीचे मालक सदानंदकाका आणि त्यांची बायको गोजाबाई मघापासून काचा चढवून आत बसले होते. दुपारी दोघांना माळशेज चढून ओतूरला नातीकडे जायचं होतं, आणि घाटातला गारठा काकींना सोसत नसे.

"आपल्या टोकावड्यात हिटर!" समोरच्या धाब्यावरचा बारकू चहाचे ग्लास घेऊन आला. "मे महिन्यात काका त्यावर पापड भाजतील."

"हस लेका," नरेंद्र हात धूत म्हणाला. "आपल्याकडे कुणाच्या गाडीला असतो? मी पण पैलाच खोलला. पण चालला का नाय?"

श्वेता जवळ आली. "अहो, त्यात गरम हवा येते कुठून?"

"सायलेन्सरच्या नळीवरनं. नळीला बाहेरून पत्र्याची पेटी हाय. पेटीतली हवा तापते नि आत जाते. धूर नळीतनं, हवा पेटीतनं. दोन्ही वेगळं."

"नळी पाहिली? पेटीच्या आतली?"

"ती कशी दिसणार? पेटी कापायला लागते. गरम हवा आत सोडायची झडप अर्धी अडकलेली, ती मोकळी केली. आता बघ, फुल उघडते!"

श्वेताने आपल्या काळ्या बोटाकडे पाहिलं. झडप अर्धी उघडी होती, तेव्हाची ही काजळी. आता झडप पूर्ण उघडी होती. आणि वर फट राहिली नव्हती. ती फट तिनेच बंद केली होती.

तिकडे बारकूने काचेवर टकटक केली. "काका, चहा!" मग तो हसला. "झोपली दोघं. ऊब लागली."

श्वेता धावली. काचा आतून धुरकट झाल्या होत्या. काकींचं डोकं काकांच्या खांद्यावर होतं आणि काकांची हनुवटी छातीला टेकली होती. तिने मुठीने काच बडवली. काकांची पापणीसुद्धा हलली नाही. तिने दाराची मूठ ओढली. दोन्ही दारांचे खटके आतून दाबलेले होते.

"झोपू दे गो," नरेंद्र म्हणाला. "म्हातारी माणसं."

"इंजिन बंद करा."

"चावी आत हाय. काय झालं तरी काय?"

"नळी फुटलीय, पेटीत धूर घुसतोय. तोच आत जातोय. मागच्या थंडीत शेतघरात कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं आठवतात? वायर उपटा!"

नरेंद्रच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो मागे धावला.

काच फोडली तर ती दोघांच्या तोंडावर उडाली असती. श्वेताने कमरेच्या पिशवीतला कटर काढला, काकींच्या डोक्यावरच्या शिवणीला लावला. टाके उसवले तर कापड वाचलं असतं. पण टाके तिने स्वतः घातले होते, दुहेरी, मेणाच्या दोऱ्याने. ते सहज सुटणार नव्हते.

तिने पातं कापडाच्या मध्यावर रोवलं.

"अगं ए! नवं हूड!" बारकू ओरडला.

कापड पुढून मागपर्यंत फाटत गेलं. तिच्या तोंडावर गरम हवा आली. जळक्या तेलाचा जरासा वास, बाकी काही नाही. एवढ्याशा वासाला कोण घाबरणार? इंजिन गचका देऊन बंद पडलं. तिने फटीतून खांद्यापर्यंत हात आत घातला, खटका वर ओढला आणि दार उघडलं.

नरेंद्रने आणि बारकूने काकांना ओढून बाहेर काढलं. उघड्यावर येताच ते भडाभडा ओकले, आणि नरेंद्र "ओका काका, ओका" म्हणत त्यांची पाठ चोळत राहिला. बारकूने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. धाब्यावरची माणसं धावत आली.

गोजाबाईला सगळ्यांनी उचलून ओट्यावर, मोकळ्या वाऱ्यात निजवलं. श्वेताने तिच्या नाकाशी हात धरला. श्वास होता, पण विरळ. "काकी," ती म्हणाली. "काकी, डोळे उघडा. काकी!" तिने गालावर चापट मारली. मग आणखी एक, जोरात. डोंगरावरून आलेल्या वाऱ्याने म्हातारीच्या कपाळावरचे पांढरे केस हलले. बाकी काही हललं नाही.

मग तिच्या भुवया आक्रसल्या. डोळे किलकिले झाले. ते बराच वेळ श्वेताच्या तोंडावर फिरत राहिले, ओळख लागेपर्यंत.

"कशाला काढलीस गो बाहेर?" गोजाबाई पुटपुटली. "आता कुठं गुडघं दुखायचं थांबलेलं."